उजव्या अंगठ्याचा खटका

माझ्या हातून नेलेलं हत्यार आजवर कुणी परत आणलं नाही, असं मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. दिवेवाल्यांनीही परत आणलं नाही म्हणा. ते नुसतेच आले, डावा हात काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, पुन्हा एक निवडून द्या."

दुकान माझ्या दिराचं. तो मला वहिनी म्हणतो म्हणून सगळी गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणतात. रंग, नळ, पाइप तो बघतो आणि हत्यारांचं काउंटर माझं. तिथे मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही. पक्कड एकदा उघडून मिटली की ती किती वर्षं चालेल ते मी सांगते. तोंड फटकळ आहे माझं, मान्य आहे, पण सल्ला चोख. निदान दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तरी होता.

दिवेवाले म्हणजे पलीकडच्या नाट्यगृहात रंगमंचाचे दिवे बांधणारे गृहस्थ. पन्नाशी उलटलेले, मितभाषी. दोन महिन्यांपूर्वी ते सगळी हत्यारं एकातच असलेलं, खिशात मावणारं मल्टिटूल घ्यायला आले होते. शिडीवर चढलं की पक्कड एका खिशात, पेचकस दुसऱ्यात, आणि नेमकं हवं ते खाली राहिलेलं, असं त्यांचं रडगाणं होतं. म्हटलं, बसा, दाखवते.

तीन मांडली. पहिलं हलकं, चपटं, पण त्याची पक्कड खिळा उपटायच्या आधी स्वतःच वाकली असती. दुसरं दणकट. पक्कडीला तार कापायची धार, दोन पेचकस, कानस, छोटी करवत, आणि उघडलेलं पातं अडवून धरणारा खटका मुठीच्या पाठीवर, मधोमध. खोट एवढीच की पातं उघडायला दोन्ही हात लागतात. तिसऱ्यात हे सगळं होतं, वर कात्री, आणि पातं एका हाताने, अंगठ्याच्या एका धक्क्यात उघडायचं. एका हाताने शिडी धरणाऱ्या माणसाला याहून आणखी काय हवं असतं?

पण त्या तिसऱ्याचा खटका निराळा. मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ती त्याच्या मागे येऊन अडते, आणि मिटायचं झालं की उजव्या अंगठ्याने बाजूला सारायची. उजव्या हाताला काही धोका नाही. डाव्या हातात धरलं, तर बोटांची टोकं बरोबर त्या पट्टीवर येतात. जोरात आवळलं की पट्टी सरकते आणि पातं बोटांवर मिटतं. हे मला माहीत होतं. आधी दोन डावखुऱ्या गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगितलं होतं, हे तुमच्या कामाचं नाही, ते दुसरं घ्या.

दिवेवाल्यांनी ते डाव्या हाताने उचललं, आणि डाव्याच हाताने दोनदा उघडलं. मी बघत होते.

तिसऱ्या जातीचं एक डझन मी दिराशी भांडून मागवलं होतं. अकरा नग खपले, बारावा काही हलेना. रोज सकाळी कपाटाची काच पुसताना दीर विचारायचा, काय वहिनी, पाहुणे अजून मुक्कामाला आहेत का? त्या दिवशीही तो रंगाच्या डब्यांपाशी उभा राहून कान देऊन ऐकत होता. मला त्याला दाखवायचं होतं. पैशांचा मोह असता तर निदान मोह म्हणता आला असता. मी एका टोमण्यासाठी गप्प बसले.

दिवेवाल्यांनी सरळ विचारलं होतं, खटका पक्का आहे ना? मी म्हणाले, अगदी पक्का, डोळे मिटून घेऊन जा. ते गेल्यावर दिराकडे बघून मी भुवया उडवल्या होत्या. आज त्या भुवया आठवल्या की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आता त्यांचा तो हात माझ्यासमोर होता. अंगठ्याशेजारच्या बोटावर आडवा, गुलाबी व्रण, आणि बोट काठीसारखं ताठ. शिडीवर एका दिव्याची जुनी चिकटपट्टी कापताना पातं मिटलं आणि आतली शीर तुटली, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी जोडली, पण बोट आता वाकत नाही. हे सगळं ते असं सांगत होते, जसा काही गुन्हा त्यांनीच केलाय. म्हणत होते, तुम्ही तर म्हणाला होतात पक्का आहे, म्हणजे मीच वेडावाकडा धरला असणार. तीस वर्षांत साधं खरचटलं नाही, आता माझा माझ्याच हातावर भरवसा राहिला नाही. त्यांनी आपणहून व्यवस्थापकांना सांगून टाकलं होतं की मला शिडीवर पाठवू नका. एक तारखेपासून ते तिकीट खिडकीत बसणार होते. शिडी आता त्यांच्या मुलीकडे. काम त्यांच्याच हाताखाली शिकलेली, चोवीस वर्षांची. हत्यार तिच्यासाठी हवं होतं.

"तीही माझ्यासारखीच डावखुरी आहे," ते म्हणाले.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी दुसऱ्या जातीचं काढलं, पुसलं, पुढे ठेवलं. मनात म्हटलं, पोरीला तर बरोबर देतेय ना, झालं मग. माणूस आपल्या मनाची समजूत किती स्वस्तात घालतो बघा. पण त्यांनी ते हातात घेतलं नाही. मागच्या वेळी तर तुम्ही तिसरं चांगलं म्हणालात, मग आज हे का, असं त्यांनी विचारलं. त्यात संशय नव्हता. मुलीला नीट समजावून सांगता यावं म्हणून विचारत होते.

दीर तिथेच होता. वेळ मारून न्यायला माझ्याकडे शंभर उत्तरं होती. नवीन माल आलाय म्हणाले असते तरी त्यांनी मान डोलावली असती.

"ते डाव्या हातात मिटतं," मी म्हणाले. "पट्टी दाबली जाते. तुम्ही डावखुरे आहात हे मी पाहिलं होतं, आणि मला तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी आरडाओरडा करावा, ते हत्यार माझ्या अंगावर फेकावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी हळू आवाजात एवढंच विचारलं, "म्हणजे मी चुकीचं धरलं नव्हतं?"

"नाही. कुणाही डावखुऱ्याचं हेच झालं असतं."

त्यांचे खांदे सैल पडले. राग यायच्या आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका आली, आणि ती मला बघवेना. मी खरं बोलले म्हणून काही ते बोट वाकणार नव्हतं.

मुलगी बाहेर स्कूटरपाशी थांबली होती. ते म्हणाले, घरात ती मला साधी सुरीही हातात घेऊ देत नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाबा आपली चूक दुसऱ्यावर ढकलतायत. तुम्ही सांगाल का?

दिराने वर बघितलं, मग पुन्हा डब्यात बघू लागला. मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले, दिवेवाले माझ्या मागोमाग. भर रस्त्यात, हेल्मेट काखेत धरून उभ्या असलेल्या त्या पोरीला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पट्टी, दिराचा टोमणा, सगळं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"काकू, बाबांनी विचारलं होतं का तुम्हाला, खटका पक्का आहे का म्हणून?"

"विचारलं होतं."

"आणि तुम्ही?"

"पक्का आहे म्हणाले."

ती वळली आणि वडिलांचा तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बाबा, मी तुम्हाला निष्काळजी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. मला माफ करा," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

माफी मागायला हवी होती ती मी. तोंड उघडलंही मी, पण दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.