एकाच वाटीतली हळद

आटपाट नगर म्हणावं तर ते आपलं नागपूरच होतं. तिथे चंपतराव राहत होते, त्यांची बायको पुष्पलता आणि त्यांचा एकुलता एक मुलगा गिरिधर. तिकडे नरखेडकडच्या एका खेड्यात रामाजी होते, संत्र्याच्या बागेचे मालक. त्यांची मुलगी दामिनी. गिरिधरचं आणि दामिनीचं लग्न ठरलं. या सगळ्यांच्या मध्ये मी होतो. मी कोण? मी एक दुपट्टा बोलतोय. पांढरा, सुती, नागपुरी उन्हात डोक्याला बांधतात तसला.

मला फार कळतं असं नाही, बाप्पा. कापडाला कळून कळून काय कळणार? गरम, थंड, ओलं, कोरडं, एवढंच. जे झालं ते मला जसं लागलं तसं सांगतो. समजून तुम्ही घ्या.

कोणत्या मागावर विणला गेलो ते आठवत नाही. मला जाग आली ती गांधीबागेतल्या एका ठोक कापडदुकानात, गठ्ठ्यामध्ये दाबलेला असताना. गिरिधर त्याच दुकानात कामाला. लग्न ठरलं तसं त्याने मला गठ्ठ्यातून ओढलं, डोक्याला गुंडाळलं आणि मोटरसायकलवर पत्रिका वाटत सुटला. महिनाभर नुसतं ऊन आणि धूळ. ज्याच्या घरी जावं तो पाणी पाजतो, कोणी रस पाजतो, कोणी बर्फाचं सरबत. नाही म्हटलं की राग. "नवरदेव मोठा झाला गा, आमच्या घरचं पाणी चालत नाही त्याले!" असं म्हणतात. म्हणून तो सगळीकडचं सगळं प्यायचा आणि मला तोंड पुसायचा.

लग्न जवळ आलं तसा त्याचा घाम बदलला. आधी घाम यायचा आणि वाळून जायचा. आता कपाळ कोरडं असलं तरी गरमच. मी मनात म्हटलं, ऊन मुरलं असेल. मला दुसरं काय माहीत?

हळदीच्या दिवशी बायकांनी त्याला पाटावर बसवलं. आंब्याच्या पानांनी हळद लावली, मग पानं टाकून हातांनीच चोळली. मी त्याच्या मांडीवर होतो. पांढरा आलो होतो, पिवळा झालो. गिरिधरची मावशी म्हणाली, "पुष्पलता, पाह्य वं, काय रंग चढून राहिला पोराले! बायको लई जीव लावन याले."

पुष्पलताबाई फुलून गेल्या. तेवढ्यात गिरिधर हळूच म्हणाला, "आई, मले मळमळ होऊन राहिली."

"उपाशी आहेस म्हणून होते तसं. बसून राय चुपचाप."

तो बसून राहिला. मग उठून मोरीकडे पळाला, मला तोंडाशी धरून. परत आला तर मावशी तयारच. "काहून गा, लग्न व्हाच्या आधी नवरदेवालेच डोहाळे लागले का?" सगळ्या बाया हसल्या. तोही हसला. मी हसावं की काय करावं ते मला कळेना. माझ्या अर्ध्या अंगाला हळद होती आणि अर्ध्या अंगाला आंबट वास.

आता ऐका. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीकडे पाठवतात, तिला उष्टी हळद म्हणतात. ती वाटी ताटात ठेवली आणि वर मलाच झाकलं. लॉनवर, जिथे लग्न व्हायचं होतं, तिथे नवरीकडची माणसं उतरली होती. तिथे ती हळद दामिनीला लावली. तिने हात मला पुसले. तिचे हात गार होते. त्याच हळदीचे दोन हात, एक गरम, एक गार. मला वाटलं, बायकांचे हात गारच असत असतील.

लग्नाच्या दिवशी वरातीत सगळ्यांनी गॉगल लावले, त्यानेही लावला. मांडवात काढ म्हटलं तर तो म्हणाला, उजेड डोळ्यांत खुपतो. फोटोवाला म्हणाला, "राहू द्या साहेब, हिरो दिसून राहिले." संपलं. पुढे डोळे कोणी बघितलेच नाहीत. घास भरवायची वेळ आली. दामिनीने जिलबी पुढे केली. त्याने कोपरा तोडला. "लाजून राहिला, लाजून राहिला!" लोक ओरडले. उरलेली जिलबी तिने खाल्ली. एवढी माणसं, आणि प्रत्येकाने त्याला काही ना काही विचारलं. पगार किती, फिरायला कुठे जाणार, आहेर आवडला का. बरं वाटतं का, हे कोणी विचारलं नाही.

फिरायला ते पचमढीला गेले. बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून, माझी घडी गालाखाली घेऊन झोपला. दामिनी खिडकीतला डोंगर त्याला दाखवायची आणि तो झोपेतच "हो, हो" म्हणायचा. नवी नवरी ती. तिला वाटलं, आपण आवडलो नाही की काय. तिच्या मांडीवर माझं एक टोक होतं, ते ती बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

लॉजवर पोचल्यावर तिने अंघोळ केली. साबण लागला तशी तिच्या हातांवरची हळद तांबूस झाली आणि पाण्याबरोबर निघून गेली. हळदीची ही खोड मला माहीत आहे. मलाही साबण लावला की मी लाल होतो आणि लोक दचकतात.

पण गिरिधर अंथरुणातून उठेना. बाहेर जिप्सीवाला हाका मारायचा, "भैया, पॉइंट देखने चलना है क्या?" आत हा भिंतीकडे तोंड करून. लॉजचा मॅनेजर म्हणाला, लू लगी है, म्हणजे ऊन लागलंय, कैरी का पना पिलाओ. दामिनीने कैरीचं पन्हं आणून पाजलं, तेही उलटून पडलं. मी ओला होऊन कपाळावर बसलो आणि लगेच गरम झालो. ती परत ओला करायची. मी परत गरम. मला वाटू लागलं, गरमी माझ्यातच आहे का? हळद मीच इकडून तिकडे नेली, मीच काही बाधा आणली का?

तिने सासूला फोन लावला. घाबरून नीट बोलता येईना. "आई, यांची हळद अजून उतरली नाही वं."

तिकडून पुष्पलताबाई हसल्या. "अवं, मंग चांगलंच हाय नं! लई रंगली म्हणून समज."

"तसं नाही आई..."

"लाजू नको. फिरून या मस्त." फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनीने त्याला धरून बाहेरच्या गॅलरीत खुर्चीवर बसवलं. ऊन कोवळं होतं. तिने मला भिजवलं, साबण लावला आणि त्याची मान चोळू लागली. मी नेहमीसारखा लाल झालो आणि वाट बघत होतो, आता मानही तांबूस होणार. मानेला तांबूसपणा येईचना. चोळली, धुतली, परत चोळली. मान पिवळी ती पिवळीच.

"अहो, एक विचारू?"

"विचार नं."

"आपल्या दोघाईले हळद एकाच वाटीतली लागली होती नं?"

"हो. माहीच उष्टी आली होती तुह्याकडे."

"मंग माही उतरली, तुमची काहून नाही उतरली?"

तो हसला. हसतानाही दम लागला त्याला. "माहा जीव जास्त आहे तुह्यावर, म्हणून."

ती हसली नाही. तिने त्याचा गॉगल काढला, हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे फिरवलं. "डोळे उघडा. मोठे उघडा."

उघडले. ती बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "डोळ्यात कोणी हळद लावते का?"

तेव्हा कुठे मला कळलं, की ही माझी हळद नव्हे. पण मग ही कोणाची?

तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि सांगितलं, कावीळ आहे, घरी जा, नीट उपचार करा. ते तसेच नागपूरला परतले. दार उघडून पुष्पलताबाईंनी मुलाचे पिवळे डोळे बघितले. मग दामिनीकडे वळल्या.

"चांगला धडधाकट पोरगा धाडला होता मी. लग्न लागलं आन् पिवया पडला. कोणत्या पायानं आली वं तू?"

चंपतराव म्हणाले, "अवं, काय बोलतेस?"

"खरं बोलून राहिले. तिले म्हणा, पोरगा बरा होत नाही तोवर बापाच्या घरी जाऊन राय. मंग पाहू."

मंग पाहू. म्हणजे काय, ते मलाही कळलं. अशी घरी गेलेली मुलगी परत कधी येते, कोण सांगणार? दामिनीने पिशवी खाली ठेवली नव्हती अजून. ती म्हणाली, "जाईन आई. पण आधी यांले दवाखान्यात दाखवू." सासूबाईंना काविळीची माळ घालणाऱ्याकडे न्यायचं होतं. दामिनीने तेही मोडलं नाही. "माळ बी घाला. दवाखाना बी करा." चंपतरावांना ते पटलं.

दवाखान्यात सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "लग्नातच काही झालं जी याले. हळदीपासून बिघडलं."

डॉक्टर म्हणाले, "नाही मावशी. हा आजार दूषित पाण्यातून येतो आणि शरीरात शिरला तरी दिसायला काही आठवडे लागतात. हा लग्नाच्या आधीपासून आजारी होता. तुम्हाला हळदीत दिसला नाही, एवढंच." मग दामिनीकडे बघून विचारलं, "तुम्ही याचं उष्टं खाल्लं का?"

"जिलबी," ती म्हणाली.

"मग तुमचंही रक्त तपासू."

पुष्पलताबाई बाकड्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी गिरिधरच्या खांद्यावर होतो, त्यांच्या अगदी जवळ. मघापर्यंत मुलीच्या पायाने आजार आला म्हणत होत्या. आता आपल्याच मुलाने दुसऱ्याच्या लेकीला आजार दिला असला तर? कोणाला काय म्हणावं? कापड असूनही मला त्यांची कीव आली.

दामिनीच्या रक्तात काही निघालं नाही, काही आठवड्यांनी परत तपासलं तेव्हाही नाही. पण त्याआधीच जावयाची कावीळ आणि सासूचे बोल रामाजींच्या गावी पोचले होते. ते तडक गाडी घेऊन आले. ओट्यावरच बसले, पाणीही घेतलं नाही.

"आजारी पोरगा गळ्यात बांधला आमच्या," ते म्हणाले. "पोरगी नेतो मी. तुमची बी तशीच इच्छा होती म्हणे."

पुष्पलताबाई दारात उभ्या, पदर तोंडावर. दामिनीची पिशवी भरलेली. तिला जायचं होतं का? मला सांगता येत नाही. ती आत गिरिधरच्या खाटेजवळ उभी होती. तो झोपलेला, मी त्याच्या छातीवर. जेवण म्हटलं की कितीतरी दिवस तो तोंड फिरवायचा. वरणाच्या वासानेही ओकारी. दामिनी वाकली, मला नीट पांघरलं आणि वळली.

"काही खायले आहे का?" तो म्हणाला.

ती थांबली. "काय म्हटलं?"

"भूक लागली ना मले." जरा मोठ्याने. "लई भूक लागली. भात-वरण काही हाय का नाही या घरात?"

ओट्यावर सगळ्यांना ते ऐकू गेलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, भूक लागली की समजा आजार उतरू लागला. पुष्पलताबाई धावतच स्वयंपाकघरात निघाल्या. मध्येच थांबल्या. मागे फिरल्या, दामिनीच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या काखेत मारली.

"तू जा वं बाई स्वयंपाकघरात. त्यानं तुले खायले मांगितलं."

मग त्या ओट्यावर गेल्या. म्हणाल्या, "व्याही, मी जे बोलली ते माह्या तोंडातून निघालं, ते गियून टाकता येत नाही. तुम्ही पोरगी नेली तर मले बोलाची सोय नाही. पण जेवल्याशिवाय मी तुमाले जाऊ देणार नाही. आन् तुम्ही जेवाले बसले म्हणजे वाढाले ती लागनच."

रामाजी उठले. मग पायातल्या चपला काढल्या आणि आत आले. उकळून गार केलेलं पाणी दामिनीनेच त्यांच्या पुढे ठेवलं. "बाबा, मी इथंच राहीन," ती म्हणाली. "यांले चांगलं झाल्याबिगर मले बी गोड लागणार नाही."

आता मी धुऊन धुऊन मऊ झालोय, काठाचे धागे निघालेत. लोकहो, एवढंच सांगतो. कोणाला पाटावर बसवाल, तर हळद लावायच्या आधी त्याला एकदा विचारा, बरं वाटतं का रे बाबा. आणि तो हो म्हणाला तरी उजेडात नेऊन बघा.

गिरिधर बरा झाला, दुकानात जाऊ लागला. सासू-सून एका ताटात जेवू लागल्या. रामाजींच्या बागेतली संत्री टोपल्याने या घरात येऊ लागली आणि व्याही-व्याही ओट्यावर बसून ती सोलू लागले. जसं त्यांच्या घरात सुख येऊन बसलं, तसं तुमच्याही घरात येऊन बसो, आणि बसलं की उठू नये.