वॉल काढलेली जीप

इंजिन नवं बांधलं की गाडी सुधारते, असं ज्याला वाटतं त्याला माझी जीप आठवडाभर चालवायला द्यावी. सिलिंडर बोअर करून घेतले, पिस्टन नवे टाकले, हेड नांदेडहून घासून आणलं, पाण्याचा पंप बदलला. एवढं करूनही लातूरच्या वाटेवर चढ लागला की इंजिनच्या गरमीचा काटा लाल रेघेला भिडायचाच. मी शिव्या घालत बॉनेट उघडायचो आणि मागच्या पोरी निमूट उतरून बाभळीच्या सावलीत उभ्या राहायच्या.

पोरी म्हणजे शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या खेड्यातल्या, लातूरला बारावीला जाणाऱ्या. एसटी पोचते तोवर कॉलेजचे दोन तास होऊन गेलेले असतात, म्हणून माझी जीप. पण जीप रस्त्यात उभी राहायला लागली तशी गावात कुजबुज सुरू झाली. पोरी संध्याकाळच्या रस्त्याकडेला उभ्या होत्या, कुणी मोटारसायकलवाले थांबून काय झालं विचारत होते. गावाला एवढं पुरतं. शेवटी शेषेरावानं पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की गाडी अजून एकदा बंद पडली तर त्याच्या दीपमालाचं कॉलेज बंद. दीपमाला वर्गात पहिली येणारी. तिचं बंद झालं की बाकीचे बाप तिच्या बापाकडं बोट दाखवून मोकळे होणार, हे मला लख्ख दिसत होतं. घास गोड लागत नव्हता.

इंजिन बांधलं होतं लातूरच्या हनीफनं. माणूस कामाचा, पण हट्टी. आधी त्याला पंपाचा संशय आला, तो पुन्हा बदलला. मग रेडिएटर बदलला, मग त्याचं झाकण, मग पंख्याचा पट्टा. दर वेळी मी पोरी न घेता खुशीत निघून बघायचो आणि त्याच चढावरून तोंड पाडून परत यायचो. एकदा मी गॅरेजात पान्हा आपटला आणि त्याच्या उस्तादगिरीचा पार उद्धार केला. तो खदखदणाऱ्या इंजिनापुढं गेला, रेडिएटरवर हात ठेवला आणि ठेवूनच उभा राहिला.

"सिद्धरामभाऊ, हितं हात लावून बघा," तो म्हणाला.

मी भीतभीत लावला. आत पाणी उकळून राहिलं होतं आणि रेडिएटर मात्र आंघोळीच्या पाण्यासारखा कोमट.

म्हणजे पाणी गार व्हायला तिथवर येतच नव्हतं. हनीफच्या मते हेडमधल्या वाटा बुजल्या होत्या. त्यानं हेड उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो. ज्यानं ते आधी घासून दिलं होतं त्या मुज्तबाकडं, हनीफच्या मावसभावाकडं. त्यानं तार घालून, हवा मारून एकेक भोक पाहिलं. सगळ्या वाटा मोकळ्या. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग मुज्तबानं सहज विचारलं की वॉल कुठला टाकलाय.

वॉल म्हणजे थर्मोस्टॅटचा. इंजिन गरम होईपर्यंत तो पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. हनीफ हसायलाच लागला. आपल्याकडं तो ठेवतं कोण? मराठवाड्याच्या उन्हात इंजिन गरम व्हायला मदत कशाला लागते? इंजिन खोललं की पहिल्यांदा वॉल काढून फेकायचा, हे त्याच्या अब्बांनी आयुष्यभर केलं, त्यानंही केलं, आणि आमच्या भागातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते बरोबरच वाटतं. मलाही वाटत होतं.

मुज्तबा हसला नाही.

"जुन्या इंजिनात खपून जातं ते," तो म्हणाला. "ह्याच्यात पाण्याला दोन वाटा हायत. एक रेडिएटरकडं, दुसरी आतल्या आत परत पंपाला. इंजिन तापलं की हाच वॉल ती आतली वाट बंद करतो. तुम्ही वॉलच काढला. मग जवळची वाट सोडून पाणी लांबून कशाला जाईल?"

हनीफचा चेहरा उतरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायचं कुणाशी? मुठीत मावेल एवढा पितळी तुकडा. त्याच्यापायी पोरींचे किती तास बुडाले होते.

हनीफनं वॉल घालून इंजिन पुन्हा बांधलं. मी जीप गावात आणली, मागं सोयाबीनची पोती भरली आणि शेषेरावाला म्हणालो, चल, स्वतः बसून बघ. भर दुपारी निघालो. तो पुढं बसला आणि त्यानं सबंध वाट काट्यावरची नजर काढली नाही. चढ आला, चढ गेला, काटा मध्यावरून हलला नाही. लातूर गाठून परत त्याच्या दारात आलो तेव्हा मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

शेषेराव उतरला. दार लावलं. "गाडी बेस झाली," म्हणाला. मग खाली बघत, "पर दीपमालाला आता धाडणार न्हाई. रविवारी पाव्हणे येऊन राहिलेत तिला बघायला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाडी सुधारो की मोडो, त्याचं ठरलेलं होतं. जीप त्याला बहाण्याला बरी सापडली होती. मी एवढंच विचारलं की मग हे आधी का नाही सांगितलं. तो घरात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या पोरी घेतल्या आणि रोजच्यासारखी जीप शेषेरावाच्या दारात उभी केली. हॉर्न दिला. कुणी आलं नाही. पुन्हा दिला. आजूबाजूची दारं उघडली. शेषेराव टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, लोक बघून राहिलेत, इंजिन बंद कर न्हाईतर निघ.

"बंद करत न्हाई," मी म्हणालो. "आता कितीबी वेळ उभी ऱ्हाती ही. उद्याबी येतो, परवाबी येतो."

  तेवढ्यात त्याची बायको सिंधू बाहेर आली. नवऱ्याला वळसा घालून सरळ जीपपाशी आली आणि खिडकीतून डबा माझ्या हातात दिला.

"तिची वेणी व्हायचीय, भावजी," ती म्हणाली. "जरा थांबा."

मी थांबलो.