सिमरोलपर्यंत, टोचनशिवाय

अप्पासाहेब गेले तेव्हा मागे एक मुलगा, एक पुतण्या आणि एक लाल ट्रायम्फ गाडी ठेवून गेले. तिघांपैकी सकाळी एका झटक्यात सुरू होणारं एकही नव्हतं.

पुतण्या म्हणजे माझा नवरा, हृषीकेश. मुलगा शार्दूल. आणि गाडी दोन सीटची, बिनछपराची, वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झोपलेली. अप्पासाहेब तोंडी सांगून गेले होते, "जो तिला रस्त्यावर आणेल, त्याची." शार्दूलला रस्त्याची हौस नाही. इंदूरच्या विजयनगरातल्या एका रेस्टॉरंटवाल्याला ती दारात उभी करायला हवी होती, लोकांनी टेकून सेल्फी काढायला.

"दसऱ्यापर्यंत थांबतो," शार्दूल म्हणाला. "टोचन न लावता सिमरोलला जाऊन ये. जमलं तर तुझी. नाहीतर भिया, पनीर टिक्क्याचा बोर्ड तिच्याच बोनेटवर टेकवू."

त्या दिवसापासून हृषीकेशने आमच्या घरातली शांतता खर्ची टाकली.

गाडीचा स्वभाव असा: सांवेर रोडवर अंकुर मेकॅनिकच्या शेडमध्ये शहाण्या मुलीसारखी चालायची. तिथून छत्रीबागेत आमच्या दारापर्यंत हसत यायची. दारातून सिमरोलकडे निघाली की वाटेतल्या पहिल्याच पुलाशी आचके, खोकला, आणि सगळं बंद. मग दोर, लोडिंग रिक्षा आणि मागून अख्ख्या इंदूरचे हॉर्न.

"टाकीत पानी आहे, भिया," अंकुर म्हणाला. "पंपवाले बदमाश."

टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलपंपही बदलला. पुन्हा पुलाशी तेच. हृषीकेश पंपवाल्याशी भांडायला गेला. त्याने चारचौघांत पेट्रोल तपासून दाखवलं, एक थेंब पाणी नाही. हृषीकेश घरी आला तो चपला भिरकावतच.

"बोलू नकोस माझ्याशी."

"मी कुठे बोलले?"

"तुझा चेहरा बोलतोय ना!"

या सगळ्यात गाडीवर खरी माया एकाच माणसाची, भानुमतीकाकूंची. काकू म्हणजे अप्पासाहेबांच्या पत्नी. सख्ख्या मुलाच्या फ्लॅटला लिफ्ट आहे पण देवघर नाही, म्हणून आमच्याकडे राहतात. त्या गाडीत काकू जन्मात कधी बसल्या नव्हत्या. आधी सासूबाईंचा धाक, नंतर गाडीचाच भरवसा नाही. पण रेस्टॉरंटचं नाव निघालं की त्यांचा घास अडायचा. "यांची गाडी काय लोकांनी टेकायला ठेवायची?" म्हणायच्या, आणि दर ट्रायलला औक्षणाचं ताट आणखी भरगच्च करायच्या. दिव्यांना कुंकू, चाकाखाली लिंबू, शेवटी मागे जाऊन नमस्कार.

मी कॉलेजात अकाउंट्स शिकवते. ताळा जुळेनासा झाला की मी आकड्यांवर नाही, माणसांवर संशय घेते. गाडी येताना ठीक, जाताना बंद. मधे काय? फक्त आमचं घर. हृषीकेशला सांगितलं तर म्हणाला, "मतलब आता घराला वास्तुदोष?" दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंची साडी भिजत घातली, तर पदराला पेट्रोलचा वास.

दसऱ्याला सकाळी अंकुरने टाकी पुन्हा धुऊन गाडी दारात आणून दिली. शार्दूल हजर होता, क्रेनवाल्याचा नंबर मोबाइलवर काढूनच. औक्षण झालं. हृषीकेश स्टेअरिंगशी दात आवळून बसला. काकू नमस्काराला मागे गेल्या आणि या वेळी मीही गेले. सीटांच्या मागे टाकीचं चकचकीत झाकण आहे. काकूंनी ते सफाईने उघडलं आणि पंचपात्र उचललं. मी मनगट धरलं.

"काकू, हे काय?" मी हळूच विचारलं.

"नर्मदेचं तीर्थ. चांगल्या कामाला निघालीय ती."

"दर वेळी घालता?"

"अगं, पहिल्यापासून! यांना असलं चालत नसे, म्हणून गुपचूप. पूर्वी एकच पळी घालायचे. फारच बंद पडायला लागली, तसं अख्खं पंचपात्र केलं."

माझ्या डोक्यात बेरीज झाली. अप्पासाहेबांनी जन्मभर पेट्रोलला, गाडीला, स्वतःच्या नशिबाला शिव्या घातल्या आणि शेवटी हरून ताडपत्री टाकली. बेरीज मी मोठ्याने वाचली नाही.

"काकू, तीर्थ ओततात की घेतात?"

"घेतात."

"मग चालवणाऱ्याला द्या ना."

झाकण मी लावलं आणि काकूंना पुढे आणलं. "हृषी, हात पुढे कर."

"आता हे काय नवीन? मी आधीच वैतागलोय यार!"

"म्हणूनच घे."

काकूंनी पळीवर पळी देत अख्खं पंचपात्र त्याच्या पोटात रिकामं केलं. शेवटचा ओला हात त्याने सवयीने डोक्यावरून फिरवला आणि माझ्यासाठी दार उघडलं. मी तिथे काकूंना बसवलं. पट्टा स्वतः आवळला, हात मागे पोचणार नाही इतका. पंचपात्र माझ्याकडे ठेवलं.

"पुलाशी कळेलच," शार्दूल म्हणाला.

पुलाकडून हॉर्न ऐकू आले नाहीत. चहा झाला, दुसरा झाला. शार्दूलने मोबाइल खिशात टाकला, पुन्हा काढला. मग गल्लीच्या तोंडाशी तो घोगरा आवाज आला. गाडी दारात थांबली. काकूंचा अंबाडा सुटलेला, चष्म्यावर धूळ, आणि ओठ लहान मुलीसारखे हसू दाबून मिटलेले.

हृषीकेश मात्र उतरला तो भडकलेलाच. "पूर्ण रस्ताभर सूचना! हळू, ट्रक आला, हॉर्न दे! सिमरोलला पोचलो तर काकू म्हणते, अजून पुढे चल!"

"ठीक आहे, भिया. तुझी," शार्दूल म्हणाला आणि क्रेनवाल्याला फोन करायला लांब गेला.

काकूंनी बोनेटवरून हात फिरवला. "यांच्या वेळी कधी धड पुलापलीकडे गेली नाही बघ. नशीब एकेकाचं." डोळे टिपून त्या माझ्याकडे वळल्या. "मंजिरी, आण गं ते पंचपात्र, भरून. आज तर घालायलाच हवं."

मी गाडीच्या मागे जाऊन झाकणावर तळहात दाबून उभी राहिले. ऊन चढलं होतं. हात चांगलाच भाजत होता.