रोज एक पट्टी

अक्कलदाढ काढली आणि माझा जबडाच आखडला. माझा! जिच्या तोंडाला कधी कुणी लागत नाही तिचा. गोळी दातांच्या फटीतून आत जाईना. पातळ औषध घेतलं तर ते हनुवटीवरून ओघळून पदरावर. इंजेक्शनचं नाव काढताच मी दंतवैद्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने सुई परत ठेवली.

“मग पट्टी देतो,” तो म्हणाला. “औषध कातडीतून मुरतं. रोज नवी, पाठीवर, खांद्याच्या खाली लावायची. आणि तळहाताने जरा वेळ दाबून धरायची, नाहीतर सुटते. घरात कुणालाही सांगा.”

घरात कुणाला सांगणार कपाळ! घरात मी आणि माझी कटकट.

समोरच्या घरात ताई राहते. आई गेल्यावर शिलाई मशीन कुणाकडे राहणार यावरून आमचं बिनसलं, ते बिनसलंच. जिन्यात भेटली तरी भिंतीकडे बघते. मशीनचा आवाज दुपारभर येतो आणि मी ऐकत बसते. सांगू कुणाला, पण तिची फार आठवण येते.

आरशासमोर हात मुरगाळून पाहिला, पट्टी केसांना चिकटली. कळ तर कानात शिरलेली. शेवटी दुसरी पट्टी घेऊन तिचं दार वाजवलं.

तिने माझा सुजलेला गाल पाहिला. “वा! कुणीतरी तुझं तोंड बंद केलं म्हणायचं.”

एरवी मी सोडलं नसतं. आता नुसतं “अं अं” केलं आणि पट्टी पुढे धरली. बाईने कागद सोलून सरळ माझ्या गालावरच लावायला घेतली. मी मान हलवली, पाठ दाखवली.

“दुखतंय इथे आणि लावायची तिथे? तुझं सगळंच उफराटं.”

पण लावली. वर तळहात दाबून धरला. कात्री धरून धरून खरबरीत झालेला, गरम हात. पट्टी केव्हाच चिकटली होती. तिने हात काढला नाही, मीही हलले नाही.

“उद्या पण का?”

मी मान डोलावली.

“दार लोटलेलं असेल. वाजवू नकोस, दचकायला होतं.”

पट्ट्या संपल्या तेव्हा पुन्हा दवाखान्यात गेले.

“सूज उतरली की!” दंतवैद्य खूश झाला. “आता गोळ्या चालतील. आ करा बघू.”

जबडा चांगला सुटला होता. सकाळीच मी अख्खी पोळी खाल्ली होती. मी गालावर हात ठेवला, ओठ घट्ट मिटले आणि बोटाने पट्ट्यांचं खोकं दाखवलं.