फ्रिजमधला दिवा

फ्रिजचं दार उघडं होतं तेवढ्यात झेनाइदाने मोजून घेतलं. पाण्याच्या अकरा बाटल्या, त्यांतल्या चारांत अजून बर्फ. थर्मामीटर एक. नवऱ्याच्या, एवेलिओच्या, डोळ्यांच्या औषधाच्या दोन सीलबंद कुप्या. बाकी काही नव्हतं.

"अरे, लाव ते दार!"

"लाइट आली का बघत होतो."

"एकोणीस तासांत सातव्यांदा बघतोयस. तू बघितलंस म्हणून येणार आहे का ती?"

घरातले बाकीचे दिवे तिनेच काढून ठेवले होते. वीज आली की नाही हे सांगायला फ्रिजमधला तेवढा उरला होता.

बायामो शहरातल्या शाळेत तिने चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. बटण बंद न करता वर्गाबाहेर पडणाऱ्याला ती परत पाठवायची. आता वीज असायची त्या दोन-तीन तासांत ती बाटल्या गोठवायची आणि काळ्या घेवड्याला उकळी आणून पातेलं गोधडीत गुंडाळायची. घेवडा मग आपल्याच उष्णतेवर शिजायचा. बाटल्यांची थंडी होती ती त्या दोन कुप्यांसाठी. पारा आठ अंशांच्या वर गेला की औषध नासतं, आणि भाची परदेशातून पुढच्या कुप्या पाठवणार होती त्या डिसेंबरात. काचबिंदूने एवेलिओचा उजवा डोळा गेलाच होता. डावा या थेंबांवर होता.

शेजारच्या ओदालिसने खिडकीतून डोकं काढलं. "मास्तरीणबाई, वीज वाचवा, वीज वाचवा म्हणून आयुष्यभर घसा कोरडा केलात. वाचवायला आधी असावी लागते हो!"

"असते तेव्हा वाचवते, म्हणून माझ्याकडे अजून बर्फ आहे. तुझ्याकडे काय आहे?"

"पंखा आहे. पुठ्ठ्याचा."

चार वाजता अख्ख्या गल्लीतून आरोळी उठली, "आली! आली!" फ्रिज थरथरला आणि घुरघुरू लागला. झेनाइदा उठायच्या आत एवेलिओ तिथे पोचला होता. त्याने दार सताड उघडलं. उजेड त्याच्या छातीवर पडला, हनुवटीवर पडला. त्याने वाकून डोकं आत घातलं.

"अगं, मोटर चालू झालीय, पण आतला दिवा गेलाय वाटतं."

झेनाइदा पेटलेल्या दिव्याकडे पाहत राहिली.

"हो," ती म्हणाली. "जुना झाला होता."

"नवा मिळेल का?"

"बघू."

दार लाव, असं ती या वेळी म्हणाली नाही. बाटल्यांमागे हात घालून तिने थर्मामीटर काढला आणि त्याच दिव्याखाली धरला.

सात अंश.