मामंजींनी बांधलेलं खुराडं

खुराड्याची खालची कुजकी फळी उपसून बाजूला पडलेली आणि परसभर पिसंच पिसं. काळी गेली, ठिपक्यांची गेली, नुकती अंड्यावर आलेली तलंगही गेली. उरलेल्या कोंबड्या न्हाणीच्या छपरावर चढून बसलेल्या, एकीच्याही तोंडून आवाज निघेना. रानमांजराच्या नावानं मी अशी काही बोंब ठोकली, की शेजारीण तोंडातला ब्रश तसाच धरून कुंपणाशी आली.

मामंजी ओट्यावर चहा पीत होते. बशी खाली ठेवली नाही, नजर वर केली नाही. म्हणाले, "झालं? आता उरलेल्या विकून टाका. रोज उठून कटकट नको."

"विकणार नाही," मी म्हणाले.

आता तुम्हाला सांगते, या घरात शेत मामंजींचं, घर मामंजींचं, गाईचं दूध सासूबाईंच्या हातात. साखर घ्यायची तरी मी त्यांना विचारून घ्यायची. कोंबड्या तेवढ्या माझ्या. एवढीएवढी पिल्लं मी आणली, चुलीशेजारी खोक्यात ठेवून मी जगवली. पोरांच्या ताटात अंडं घालताना मला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. त्या कोंबड्या गेल्या असत्या तर माझं म्हणायला या घरात काय राहिलं असतं? माझी पाण्याची बादली!

"खुराडं मजबूत असतं तर हे झालं नसतं," मी म्हणाले. "मी चांगलं खुराडं करणार."

मग काय विचारता! घरात जो तो शहाणा झाला. सासूबाई म्हणाल्या, "खुराडं कशाला हवं? आमच्या वेळी टोपलीखाली झाकायचो आणि वर दगड ठेवायचो." आमचे हे फोन घेऊन आले. त्यात कुठल्या तरी परक्या देशातलं खुराडं होतं, दुमजली, खिडक्यांना पडदे, पुढं कोंबड्यांसाठी झोपाळा. मी म्हटलं, "अहो, मी इतकी वर्षं पडदा मागतेय तो आपल्या खिडकीला अजून लागला नाही." फोन खिशात गेला.

तेवढ्यात मामंजी उठले. मामंजी म्हणजे गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि एकाही भिंतीला तडा नाही असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. गुडघे गेल्यापासून काम बंद होतं, पण हात शिवशिवत असणारच. म्हणाले, "तुमची अक्कल राहू द्या. मी बांधतो. पण सूनबाई, ऐकून ठेव. माझ्या खुराड्यातून एक जरी कोंबडी गेली, तर या परसात परत कोंबडी दिसता कामा नये."

मला वाटलं, बरं झालं. गवंड्याच्या घरात खुराडं पक्कं होणार नाही तर कुठं होणार? मी हो म्हणून बसले.

मामंजींनी ओळंबा लावला, दोऱ्या ताणल्या. मी विटा द्यायच्या, माल कालवून द्यायचा, आणि वर बोलणी खायची. भिंत एकदम सरळ उठली. वर फरशी टाकली, आतून बाहेरून गिलावा केला, कडा अशा तासून घेतल्या की हात फिरवत राहावं. पुढं गुडघ्याएवढं लोखंडी दार. बाकी कुठं फट नाही, भोक नाही. माणसं बघायला येऊ लागली. मामंजी भिंतीवर थाप मारून सांगायचे, "मांजर सोडा, वाऱ्याला शिरून दाखवू दे."

मी म्हटलं, "मामंजी, वारा तर शिरायला पाहिजे ना?"

"तू भाकऱ्या कर," मामंजी म्हणाले. लोक हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

संध्याकाळी कोंबड्या हाकलून आत घातल्या. सकाळी दार उघडलं तर आतून अशी वाफ आणि असा वास आला, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कोंबड्या चोची आ करून धापा टाकत बाहेर आल्या आणि मातीत आडव्या झाल्या. अंडी मागच्या कोपऱ्यात. त्यासाठी मी पोटावर सरपटत आत गेले, कोपरं सोलली, केसांना नको ते लागलं. बाहेर येते तो मामंजी समोर उभे.

"वाकायला लागतं म्हणून एवढी तक्रार?" ते म्हणाले.

"वाकायला नाही मामंजी, लोळायला लागतं. आणि कोंबड्यांना श्वास येत नाही. वर जाळी लावू या."

"भोकं पाडायची? माझ्या भिंतीला? चाळीस वर्षं भिंती बांधल्यात मी!"

माणसांची घरं बांधली हो, पण कोंबडी रात्रभर आत काय करते, हे कधी कुणी त्यांना विचारलं नव्हतं. आणि घरातली घाण कोण काढतं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी एकही कोंबडी आत जाईना. मी हाकललं, दाणे टाकले, हातापाया पडले. एक कुंपणावर, एक नळाच्या खांबावर, दोन तर त्या खुराड्याच्याच फरशीवर जाऊन बसल्या. मी शिडी आणायला गेले, तेवढ्यात दिवेलागणीच्या अंधुक उजेडात कुंपणापलीकडून काहीतरी झेपावलं आणि तांबडी ओरडली. एकदाच. मी धावले, काठी फेकली, दगड फेकला. तांबडी गेली ती गेलीच. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला.

मामंजी दारात आले. "बघितलंस? कोंबड्यांना अक्कल नाही. एवढं पक्कं घर दिलं आणि बाहेर बसतात. ठरलं होतं तसं करायचं. उद्या व्यापाऱ्याला बोलवतो."

"तुमच्या खुराड्यातून गेली तर, असं ठरलं होतं," मी म्हणाले. "ती तुमच्या खुराड्यात गेलीच नाही. तिला अक्कल होती म्हणूनच गेली नाही."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

मी वळले. राहिलेल्या कोंबड्या पकडून स्वयंपाकघरात कोंडल्या. सासूबाई म्हणाल्या, "चुलीजवळ?" मी म्हटलं, "हो, चुलीजवळ."

रात्री यांना सांगून ठेवलं, खुराड्याला वरून उघडणारं झाकण करणार. उजाडल्यावर मामंजींचीच पहार घेतली आणि परसात गेले. पहिला घाव घातला तर नुसता गिलावा उडाला. दुसऱ्याला वीट हलली. आवाज ऐकून मामंजी गुडघे धरत बाहेर आले. चेहरा लालबुंद झाला होता. या गावात त्यांच्या भिंतीला कुणी कधी पहार लावली नव्हती, आणि लावली ती घरातल्याच सुनेनं.

"हात आवर! सांगून ठेवतो, हात आवर!"

"आवरते. वरची निम्मी भिंत तेवढी काढते आणि आवरते."

"अरे, तुझी बायको बघ काय करतेय!" मामंजी आतल्या बाजूला ओरडले. आमचे हे दारापर्यंत आले, माझ्याकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं आणि म्हणाले, "मी बिजागऱ्या घेऊन येतो." आणि सायकल काढून चक्क गेले. लग्न झाल्यापासून एवढं शहाणपणाचं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मामंजी सासूबाईंकडं वळले. सासूबाई पदर खोचून पाटी घेऊन येत होत्या. "विटा फोडू नकोस गं," त्या मला म्हणाल्या, "सुट्या काढ, कामाला येतील."  मामंजी आत गेले आणि दिवसभर जेवले नाहीत. मला वाईट वाटलं का? वाटलं. पहार खाली ठेवली का? नाही ठेवली.

विटांची भिंत मांडीपर्यंत राहू दिली, मांजरानं उकरू नये म्हणून. त्यावर समोरासमोर दोन्ही बाजूंना बोट जाणार नाही अशी बारीक जाळी, म्हणजे वारा आरपार. फरशी उतरवली आणि तिथं पत्र्याचं झाकण, बिजागरीवर, कडी लावून. आत कुदळीचा जुना दांडा आडवा टाकला, कोंबड्यांना बसायला. अंड्यांची खोकी वरच, हाताशी. खाली मागच्या बाजूला फावडं जाईल एवढं दार. दिसायला म्हणाल तर ध्यान! फुटक्या विटांच्या कडा दातऱ्या, जाळी एका बाजूला तिरकी. शेजारीण म्हणाली, "हे काय गं केलंस?" मी म्हटलं, "मला जमेल तसं केलं."

संध्याकाळी कोंबड्या आपणहून आत गेल्या. दांड्यावर एकमेकींना ढकलत ओळीनं बसल्या.

दोन-तीन दिवसांनी पहाटे पत्रा खडखडला. मी कंदील न घेताच धावले. रानमांजर झाकणावर होतं. जाळीत नखं अडकवून ओढत होतं, खाली उतरून भिंतीशी उकरत होतं, परत वर जात होतं. आत कोंबड्यांचा नुसता कल्लोळ. मी काठी उगारली, पण मारली नाही. म्हटलं, कर मेल्या, काय करायचं ते कर. आता माझ्या हातचं बघ. उजाडेपर्यंत त्यानं जीव तोडून धडपड केली आणि मग शेपूट घालून कुंपणापलीकडं गेलं. मी झाकण उघडून बोटानं मोजल्या. सगळ्या होत्या. झाकण लावून कडी घातली.

वळून बघितलं तर मामंजी मागं उभे. कधीपासून उभे होते कोण जाणे. भिंतीशी उकरलेली माती बघितली, जाळीवरचे ओरखडे बघितले. गुडघे न वाकवता झाकण उचललं, उभ्या उभ्या खोक्यात हात घातला आणि अंडं बाहेर काढलं. ते तळहातावर उलटंपालटं करून बघितलं.

मग म्हणाले, "ठीक आहे. राहू देत कोंबड्या."

"मी विचारलं कुठं होतं, मामंजी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही नजर खाली केली नाही. मग त्यांनी फुटक्या विटांवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"असली कड कोण ठेवतं का?"

"मी ठेवते," मी म्हणाले, आणि अंडं त्यांच्या हातातून घेऊन पोरांना उठवायला आत गेले.