जमुनेचा पाय आणि खाडीतला मी

मित्रांनो, दातिवऱ्याच्या खाडीत राहणारा मी एक जुना जंतू आहे. तुम्हाला मी दिसायचा नाही. मला आई नाही. मी वाढतो आणि एकाचे दोन होतो. आमच्यात थोरला कोण नि धाकटा कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. कोमट, खारट पाणी हेच माझं घर. मेलेल्या खेकड्याचं कवच, कोळंबीने टाकलेली कात मी कुरतडून संपवतो. त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही, चालायचंच.

ऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट. आश्विनातलं ऊन होतं. ओहोटीला जमुना खडकांवर कालवं फोडायला आली होती. काठावर सुरूच्या दोन झाडांमध्ये झोळी, झोळीत तिची तान्ही मंगळी. एका शिंपल्याने जमुनेचा तळपाय चिरला.

"बुडव पाय खाडीत," सासू नवसी म्हणाली. "खाऱ्या पान्यानं जखम सुकते. आमी असंच करत आलो."

"झोंबतंय, आये."

"झोंबतंय म्हंजे लागू पडतंय. पोर निजली हाय, तू पन बस जरा."

माया होती त्या बोलण्यात. जमुना पाय पाण्यात सोडून बसली, नि आमच्यातले काही त्या चिरेतून आत गेले. मित्रांनो, आम्हाला वैर ठाऊक नाही. ऊब मिळाली, अन्न मिळालं, ते वाढले. मी शिंपल्यावरच राहिलो.

पुढचं बायकांच्या बोलण्यातून कळलं. पाय काळानिळा होऊन सुजला. पालघरच्या डॉक्टरांनी जमुनेला वाचवलं, पण दोन बोटं काढावी लागली. तोवर मंगळी शेजारणींच्या दुधावर राहिली. नवसी खाडीवर यायचीच बंद झाली.

काही वर्षांनी तिघी पुन्हा आल्या. जमुना लंगडत होती. पायात बूट, हातात पाण्याचा डबा. मंगळी अनवाणीच खडकावर धावली आणि तिचा अंगठा चिरला. ती पाय पाण्यात घालणार, तोच नवसीने तिला उचलून छातीशी धरलं.

"जमुने, आदी डबा आन."

जमुनेने उकळून आणलेलं गोडं पाणी ओतलं, साबणाने जखम धुतली.

"आजी, झोंबतंय."

"झोंबू दे, माजे बाय. मग डाक्तरला दाखवू."

मित्रांनो, मी खाडी सोडून कुठे जाणार नाही. कालवांच्या पोटातही आम्ही असतो, तेव्हा तुम्हीच ती नीट शिजवून खा, आणि चिरलेला पाय माझ्या पाण्यात घालू नका.

डब्यातलं पाणी ओघळत माझ्यापर्यंत आलं. गोडं पाणी आम्हाला सोसत नाही. माझ्या शेजारचे कितीतरी त्यात फुटून गेले. मी शिंपल्याच्या आडोशाला सरकलो आणि पोरीचं रडणं थांबेपर्यंत ऐकत राहिलो.